रांगत्या बाळाचं घर: भाजणं, बुडणं, गुदमरणं, विषबाधा आणि पडणं टाळायला कुठे काय बदलायचं

बाळ पालथं पडायला लागलं की या लेखातलं काम सुरू करा. पुढचे टप्पे भराभर येतात. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान ते सरपटतं, रांगतं. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलतं. वर्षाच्या आत धरून उभं राहतं, दीड वर्षाचं होता होता खुर्चीवर चढतं आणि दोन वर्षांचं झालं की खालची कडी काढतं. घरातला बदल नेहमी एक टप्पा आधी झालेला हवा. मूल एखादी गोष्ट पहिल्यांदा करतं, तो क्षण आपल्याला आधी कळत नाही.

अपघातानंतर घरातले सगळे एकच सांगतात: "आत्ता इथेच तर होतं." ते खोटं नसतं. बेल वाजते, दूध उतू जातं, मोठ्या भावाला शाळेची गाडी गाठायची असते. तेवढ्या वेळात मूल बादलीपाशी पोचतं, आणि बादलीत डोक्यावर पडलेलं मूल ओरडत नाही. म्हणून लक्ष तर ठेवायचंच, पण आपली नजर चुकली तरी मुलाला काही होणार नाही, अशी घराची मांडणी करायची. आईला किंवा आजीला "जरा लक्ष दे" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा एक कडी वर बसवलेली जास्त कामी येते.

आधी हे जमवा

- मोजपट्टी, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल (किंवा अर्ध्या दिवसासाठी सुतार)
- दाराच्या वरच्या भागात बसवायला चार-सहा कड्या
- कुलूप लागणारं एक उंच कपाट किंवा भिंतीवरची पेटी
- कपाट आणि टीव्ही भिंतीला आवळायला एल क्लॅम्प
- टॉयलेट पेपरचा रोल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी (चौथ्या पायरीत लागेल)
- स्क्रूचं किंवा घट्ट बसणारं झाकण असलेलं पिंप
- फ्रिजवर चिकटवायला एक कागद आणि जाड पेन

१. घर एकदा बाळाच्या उंचीवरून बघा

दिवाणखान्यापासून सुरुवात करा आणि खरोखर गुडघ्यांवर या. उभ्याने दिसत नाहीत अशा बऱ्याच गोष्टी दिसतील: सोफ्याखाली घरंगळलेली गोळी, टेबलाच्या कडेवरून लोंबणारा टेबलक्लॉथ, इस्त्रीची वायर, बटणावर चालूच राहिलेल्या चार्जरचं मोकळं टोक. मूल लोंबणारी वस्तू ओढतं आणि वर जे असेल ते त्याच्या अंगावर येतं. टेबलक्लॉथ काढून टाका. इस्त्री झाली की वायर गुंडाळून ती उंचावर ठेवा. बंद केलेली इस्त्रीही बराच वेळ चटका देते.

बाळाच्या अंगावरच्या वस्तूही याच फेरीत बघा. गळ्यातला काळा दोरा, साखळी, ताईत, दोऱ्याने गळ्यात अडकवलेली चोखणी हे सगळं झोपताना आणि पाळण्यात अडकू शकतं. नजर लागू नये म्हणून काही घालायचंच असेल तर ते मनगटात किंवा पायात, मणी न सुटणारं आणि सैल असू द्या. साडीचा झोका तान्ह्या बाळाला बांधला जातो, पण त्याला पीळ देऊन खेळतं ते पाच-सहा वर्षांचं भावंड, आणि पीळ त्याच्या गळ्याशी बसतो. बाळ झोक्यात नसेल तेव्हा साडी वर बांधून टाका.

२. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर: भाजण्याचे अपघात

लहान मुलं आगीपेक्षा गरम पातळ पदार्थांनी जास्त भाजतात. चहा, अंघोळीचं पाणी, दूध, वरण, खीर, पाक. त्यांची कातडी मोठ्यांच्या कातडीपेक्षा पातळ असते, त्यामुळे त्याच चहाने मोठ्याला फोड येतो तर मुलाला खोल जखम होते. वरण, खीर, पाक यांसारखे दाट पदार्थ अंगाला चिकटून राहतात आणि पाण्यापेक्षा जास्त खोल भाजतात.

*चहा.* कप सोफ्याच्या हातावर, बाळ मांडीवर, नजर मोबाइलवर. बाळ वळतं, त्याची मूठ कपाच्या कडेला लागते आणि चहा हनुवटीपासून छातीवर, पोटावर सांडतो. ओतून पंधरा मिनिटं झालेला चहाही लहान मुलाला भाजू शकतो. नियम साधा ठेवा: हातात एकतर चहा, नाहीतर बाळ. पाहुण्यांनाही हे आधीच सांगा. त्यात कसला संकोच करायचा नाही.

*ओटा.* ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंच असतो. दीड वर्षाच्या मुलाची उंचीच ८० सेंटिमीटरच्या आसपास असते. हात वर केला की त्याची बोटं ओट्याच्या कडेच्या बरीच आत पोचतात. म्हणून दूध आणि तेल मागच्या बर्नरवर ठेवा, कढईचे कान आणि पातेल्याचा दांडा भिंतीकडे वळवा. किटलीची आणि मिक्सरची वायर कडेवरून लोंबू देऊ नका. बाळाला कडेवर घेऊन तळण, फोडणी किंवा कुकरची शिट्टी काढणं ही कामं करूच नका. शक्य असेल तर स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फळीचं किंवा जाळीचं अर्धं दार करून घ्या.

*जमिनीवर ठेवलेली भांडी.* पंगतीत, पूजेच्या जेवणात वरणाचं पातेलं आणि भाताचं तपेलं खाली ठेवलं जातं आणि मुलं भोवती धावत असतात. अशा दिवशी एका मोठ्या माणसाकडे फक्त मुलं सांभाळायचं काम द्या. पातेली भिंतीकडेच्या पाटावर ठेवा.

*अंघोळ.* बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम कधीही उलटा करू नका, कारण गरम पाण्याची बादली भरून थंडाकडे वळतानाच मूल हात घालतं. पाणी तळापासून ढवळा आणि कोपराने बघा. तळहाताची कातडी जाड असते, आणि वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या हाताला ५० अंशांचं पाणी सोसतं. पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईंना किंवा आजीला हे नीट समजावून सांगा. बाळाला ३७ ते ३८ अंश पुरेसं आहे, ते हाताला जेमतेम कोमट लागतं.

गीझरचं तापमान ५० अंशांवर आणा. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा साधारण पाच सेकंदांत खोल भाजते, मुलाची त्याआधीच. ४९ अंशांवर त्याच इजेला काही मिनिटं लागतात, म्हणजे मुलाला बाहेर ओढायला वेळ मिळतो. गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या आत नको, कारण बंद खोलीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता बेशुद्ध करतो. पाणी तापवायचा रॉड बाळ असलेल्या घरात वापरू नका. उकळतं पाणी आणि वीज एकाच बादलीत, तीही जमिनीवर. त्यात सुरक्षित असं काही नाही.

बाळाला शेक देण्यासाठी शेगडी आणि ओव्याची धुरी अजून अनेक घरांत चालते. बाजेखाली निखारे ठेवून कपडा पेट घेतो, आणि बंद खोलीतला धूर तान्ह्या फुफ्फुसांना सोसत नाही. ऊब हवी असेल तर टोपी, मोजे आणि आईच्या अंगाशी घेणं पुरतं.

*दिवाळी.* जळती फुलबाजी हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात ती देऊ नका. विझलेली तार अंगणात टाकली की तिच्यावर कुणाचा तरी अनवाणी पाय पडतोच, म्हणून तारा पाण्याच्या बादलीत टाका आणि फटाके संपले की ती बादली लगेच ओतून द्या.

भाजलं तर लगेच काय करायचं

नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली भाजलेला भाग पूर्ण २० मिनिटं धरा. घड्याळ लावून. दोन मिनिटांत रडणं थांबलं तरी पाणी थांबवायचं नाही, कारण कातडीच्या खालच्या थरात उष्णता टिकून असते. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत हे केल्याचा फायदा होतो. त्याच वेळी कपडे, बांगड्या, वाळे काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान मूल लवकर गारठतं. मग धुतलेलं मऊ सुती कापड सैल ठेवा आणि निघा.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. बर्फाने जखम आणखी खोल होते. बाकीचे लेप उष्णता आत कोंडतात, आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागतात. त्याचा त्रास मुलालाच होतो.

मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जांघेतलं भाजणं, विजेने भाजणं, पांढरी पडलेली न दुखणारी कातडी, किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर थेट रुग्णालयात न्या.

३. साठवलेलं पाणी

"बादली रिकामी ठेवा" हा सल्ला सगळीकडे लिहिलेला असतो. पण जिथे नळाला दिवसाआड, आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे तो पाळता येत नाही. तिथे झाकणं आणि कड्या लागतात.

वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं. हातांत स्वतःला वर उचलायची ताकद नसते, आणि भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. नाक-तोंड बुडेल एवढं, चार बोटं पाणी पुरतं.

- न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, जमिनीपासून किमान १५० सेंटिमीटरवर कडी बसवा. घरातल्या प्रत्येकाने बाहेर येताना ती लावायची.
- साठवणीचं पाणी बादल्यांऐवजी स्क्रूच्या झाकणाच्या पिंपात भरा. ताटली किंवा फळी झाकली की झालं असं समजू नका, मूल ती सरकवतं.
- अंघोळ चालू असताना फोन वाजला तर बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत घ्या. मोठ्या भावंडाला "बघ जरा" म्हणून जाऊ नका.
- इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण मुलांच्या खेळायच्या जागेतच असतं. ते लोखंडी आणि कुलूपबंद असावं, याची मागणी सोसायटीकडे लेखी करा.

मूल पाण्यातून काढल्यावर श्वास घेत नसेल तर उलटं धरून पाणी काढत बसू नका. कुणालातरी १०८ ला फोन लावून स्पीकर चालू करायला सांगा. डोकं अलगद मागे करून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर यायला हवी. मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश: तान्ह्याला दोन बोटांनी साधारण ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलाला तळहाताने ५. हे वाचून येत नाही. बाहुलीवर एकदा हाताने केलेलं असलं पाहिजे, म्हणून आई-बाबा आणि दिवसभर बाळाजवळ असणारं माणूस, तिघांनीही प्रशिक्षण घ्या.

४. तोंडात जाणाऱ्या वस्तू

पुठ्ठ्याची नळी इथे काढा. तिचा व्यास साधारण साडेचार सेंटिमीटर असतो. जी वस्तू नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको.

खाण्यातले मुख्य धोके आपल्या रोजच्या डब्यांतलेच आहेत: शेंगदाणे, फुटाणे, भाजके हरभरे, खोबऱ्याचे तुकडे, सीताफळाच्या बिया, चिंचोके, बोरं, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराच्या चकत्या. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊ नका, कूट करून द्या. द्राक्ष आडवं कापलं तर गोल चकती तशीच राहते, म्हणून ते उभं कापून चार फोडी करा. खाताना मूल बसलेलं हवं. धावत्या, हसत्या, रडत्या मुलाला घास भरवायचा नाही. नाक दाबून गुटी किंवा औषध पाजणं तर पूर्ण बंद करा, ते थेट श्वासनळीत जातं.

बोरन्हाणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बोरं, हरभरे, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे हे सगळं मुलाच्या डोक्यावरून ओततात. खाली बसलेली लहान मुलं ते वेचून तोंडात घालतात, आणि आजूबाजूला गोंगाट असतो. या वस्तू श्वास अडकायला नेमक्या त्या आकाराच्या आहेत. समारंभ करा, पण ओतायला फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्या. बोरं आणि हलवा पुड्या बांधून मोठ्यांच्या हाती द्या. गोळ्या-चॉकलेटं टाकली तरी धोका तोच राहतो. हलव्याचे दागिने फोटो झाला की लगेच उतरवा. कार्यक्रम संपल्यावर जमीन झाडून घ्या, सोफ्याखालीसुद्धा.

खेळण्यांत दोन वस्तू सगळ्यांत वाईट. एक, बटणासारखी चपटी बॅटरी: रिमोट, वजनकाटा, दिव्याची माळ, वाजणारं कार्ड यांत असते. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथे खोल भाजतं. मूल फक्त लाळ गाळतं, खात नाही, कधी खोकतं. एक्स-रेत ती नाणं समजली जाऊ शकते, म्हणून बॅटरीची शंका आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, शुद्धीवर असेल आणि गिळून बारा तासांच्या आत असेल, तर रुग्णालयात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर मात्र करू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. दुसरी वस्तू म्हणजे छोटे लोहचुंबक. दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं.

घशात अडकलं तर

मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तर हवा आत जाते आहे. खोकू द्या, पाठीवर थापट्या मारू नका, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर:

- *वर्षाच्या आतलं बाळ:* हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली. दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच ठोके. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. आलटून पालटून करत राहा. पोट दाबायचं नाही.
- *वर्षापेक्षा मोठं:* पुढे वाकवून पाठीत पाच ठोके. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. वस्तू निघाली तरी नंतर डॉक्टरांना दाखवा.
- तोंडात वस्तू दिसत असेल तरच काढा. न बघता बोट घातलं तर ती आणखी खाली जाते.
- मूल बेशुद्ध पडलं तर वर सांगितलेले श्वास आणि दाब सुरू करा.

इथे एक फसवणारा प्रकार आहे. शेंगदाणा खाताना ठसका लागतो, पाच मिनिटांत थांबतो आणि सगळे निवांत होतात. पण दाणा कधीकधी एका बाजूच्या फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसतो. मग आठ-पंधरा दिवस खोकला, घरघर, ताप, आणि दम्याची औषधं चालू राहतात. दुर्बिणीने दाणा काढल्याशिवाय ते बरं होत नाही. खोकल्याच्या आधी ठसका लागला होता, हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. ते आवर्जून सांगा.

५. औषधं, रॉकेल, कापूर

बाळ असलेल्या घरात हमखास सापडणारं एक औषध म्हणजे बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या. रंगीत, गोड आवरणाच्या, उशाशी ठेवलेल्या. चार-सहा गोळ्याही लहान मुलाला धोक्याच्या ठरू शकतात. उलट्या होतात, मग काही तास बरं वाटतं आणि नंतर एकदम ढासळतं. मधल्या बरं वाटण्यावर विसंबू नका. आजोबांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचं तसंच: काही औषधांची एक गोळीही रुग्णालयात न्यायला पुरेशी असते. आजी-आजोबा मुक्कामाला आले की त्यांची पिशवी पहिल्या दिवशीच उंच कपाटात ठेवा.

देवघरात कापराच्या वड्या आणि खडीसाखर शेजारी शेजारी असतात, आणि मुलाला त्यातला फरक कळत नाही. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबरगोळ्या, डास पळवायच्या यंत्राची भरलेली बाटली, फिनेल, संडास धुवायचं आम्ल यांनाही तेच उंच कपाट. रॉकेल, थिनर किंवा कोणतंही पातळ रसायन थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका. तहानलेलं मूल बाटली बघतं, आतलं बघत नाही.

उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचा तर घरात प्रवेशच नको. ती चाटलेलं मूल पहिला एक-दोन दिवस ठीक दिसतं, आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. शंका आली की त्याच तासाला निघा.

विष पोटात गेल्यावर उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. रॉकेल उलटीबरोबर फुफ्फुसात जातं आणि खरी इजा तिथे होते, आम्ल येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. तोंड पुसा, कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढून अंग धुवा आणि बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन निघा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७.

तापाच्या औषधातही चूक होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये साधारण २५. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून दिला तर चौपट औषध जातं. बाटली बदलली की डोस पुन्हा विचारा, आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाची पिचकारी वापरा.

६. खिडकी, गॅलरी, पलंग

सरकत्या काचेच्या खिडकीला डासांची जाळी असते, ती मुलाचं वजन पेलत नाही. बाहेरून लोखंडी ग्रिल हवं, दोन गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा कमी जागा आणि गज उभे. आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडी. ग्रिलचा एक भाग आगीच्या वेळी उघडेल असा करून घ्या, त्याची किल्ली मोठ्यांच्या हाताशी. खिडकीखालचा दिवाण आणि गॅलरीतलं चपलांचं कपाट, कपडे वाळत घालायचं स्टूल आजच हलवा. गच्चीचं दार, विशेषतः संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, कुलपात.

पलंगावर कडेने उशा लावून बाळाला झोपवलं जातं. उशी अडवत नाही, उलट तान्ह्याचं तोंड तिच्यात दबतं. गादी जमिनीवर घ्या. वर्षाखालचं बाळ उताणं, उशी-पांघरुणाचा ढीग न करता झोपवा.

चाकांच्या गोल वॉकरमध्ये बाळाला बसवू नका. त्यात ते जिना किंवा ओट्यापर्यंत मोठ्यांना गाठता येणार नाही अशा वेगाने पोचतं, आणि त्याने चालायला लवकरही येत नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा: मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. जिना अडवून सपाट जमिनीवर, तुमच्या नजरेसमोर तो चालेल.

पडल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, नेहमीच्या वेळेबाहेरची झोप, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, टाळू फुगलेली, किंवा साधारण तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलेलं बाळ: यांतलं एकही असेल तर वाट न बघता रुग्णालय.

७. वीज

मुख्य फळ्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खालच्या सॉकेटना आतून पडदा असलेली आयएसआय प्लेट लावा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात लोखंडी कूलरभोवती ओल असते आणि मुलं अनवाणी असतात, म्हणून अर्थिंग तपासा आणि पाणी भरताना बटण बंद करण्यावर न थांबता प्लग काढा.

८. गाडीवर

दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. मुलाला पुढे उभं करून नेऊ नका. मागे बसलेल्याचा पदर किंवा ओढणी, आणि मुलाचं पाऊल चाकात जाणार नाही अशी जाळी बसवा. मोटारीत पुढे मांडीवर बसवलेलं मूल एअरबॅगच्या आणि आपल्या छातीच्या मध्ये सापडतं. त्याची जागा मागच्या सीटवर, मुलांच्या खास खुर्चीत.

९. गावी गेल्यावर

घर तयार केलेलं असतं, आणि मे महिन्यात किंवा गणपतीला मूल आजोळी जातं. तिथे पहिल्या तासात एक फेरी मारा.

बंबाची धुराडी आणि तोटी तापलेली असते, भोवती विटांचं किंवा पत्र्याचं आडोसं करा. चुलीतली आणि होळीची राख वरून थंड दिसते, पण खाली निखारे दुसऱ्या दिवशीही असू शकतात. कडबाकुट्टी चालू नसेल तेव्हा तिचा प्लग काढून ठेवा. फवारणीची औषधं आणि रिकामे डबे घराबाहेर कुलपात, आणि त्या डब्यांत पाणी किंवा धान्य कधीच नको. विहिरीला कठडा आहे का बघा. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तळ्याला कुंपण हवंच, शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवायला सांगा.

गावी पावसाळ्यात मात्र मुलाला जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री अंथरुणात चावतो, दुखत नाही, खूण जेमतेम दिसते. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठतं आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी लावा. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही. अंग न हलवता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर हृदयावर ताण येतो आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे दगावणं बरंच टळतं, पण औषध वेळेत मिळायला हवं.

१०. फ्रिजवरचा कागद आणि दाराजवळची पिशवी

कागदावर ठळक लिहा: १०८, ११२, विष माहिती केंद्राचा नंबर, बालरोगतज्ज्ञाचा नंबर, रात्री उघडं असलेलं जवळचं रुग्णालय आणि तिथे जायचा रस्ता. खाली मुलाचं वजन आणि ते कधी घेतलं ती तारीख. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर तीन महिन्यांनी हा आकडा बदला. घरात काम करणाऱ्या ताईंना कागद वाचून दाखवा.

पिशवीत लसीकरणाचं कार्ड, आधार, शिधापत्रिका, आरोग्य विमा किंवा सरकारी योजनेचं कार्ड, कसल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याची नोंद, आणि मुलाचा एक कपड्यांचा जोड ठेवा.

रुग्णालयात भाजणं, विषबाधा आणि मोठी इजा यांची बहुतेकदा 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायद्याशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. ती नेहमीची कार्यपद्धती आहे, त्यामुळे उपचार थांबत नाहीत. या भीतीने किंवा सासरी-माहेरी बोल लागेल म्हणून काय घडलं ते बदलून सांगू नका. काय गिळलं, किती, किती वाजता, नंतर घरी काय दिलं, ही चार उत्तरं खरी आणि लगेच मिळाली तर डॉक्टरांचा पहिला अर्धा तास वाचतो.